पूर, वादळ आणि दरड : घर, दुकान आणि वाडी वाचवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न मुख्यतः तीन पट्ट्यांतून येतात: कृष्णा-पंचगंगेचा काठ, महाड-चिपळूणसारखी कोकणातली नदीकाठची गावं आणि सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्या. तिन्हीकडचं संकट वेगळं आहे. कृष्णा दिवसादिवसाने चढते, वाशिष्ठी आणि सावित्री तासांत चढतात आणि डोंगर काही मिनिटांत येतो. त्यामुळे सांगलीच्या माणसाचा सल्ला चिपळूणला जसाच्या तसा लागू करू नका. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. कुठल्या आकड्याला काय करायचं, हे मे महिन्यात ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. पाऊस कोसळत असताना घरातली पाच माणसं पाच मतं देतात आणि तेवढ्यात रस्ता जातो.

आमच्या गल्लीत पाणी कधी येणार, हे आधी कसं कळेल?

नदीची पातळी आणि तुमचा उंबरठा यांचं नातं एकदा जुळवून घ्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे 39 आणि 43 फूट आहेत. पण 'धोका पातळी' शहरासाठी आहे, तुमच्या घरासाठी नाही. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत पाणी आधी शिरतं, त्यामुळे तिथला माणूस 45 ची वाट बघत बसला तर बुडतो. उंचावरच्या पेठेत मात्र 45 ला रस्ताही कोरडा असतो.

आकडा काढायची रीत सोपी आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा अजून अनेक भिंतींवर आहेत. 2019 ला आयर्विनवर पातळी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली होती. त्या वेळी तुमच्या भिंतीवर उंबरठ्यापासून साडेसात फुटांवर खूण असेल, तर तुमचा उंबरठा साधारण 50 फुटांवर आहे. पूल आणि तुमचं घर यांच्यामधल्या अंतरामुळे पाण्याला उतार असतो, म्हणून हिशेबात फूटभर चूक धरा. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या खुणा मिळाल्या तर ताळा करून बघा. मग दोन आकडे लिहून ठेवा: 'सामान वर' आणि 'घर सोडायचं'. घर सोडायचा आकडा उंबरठ्याच्या आकड्यावर बेतू नका, तुमच्या बाहेर पडायच्या रस्त्यावरचा सगळ्यात खोलगट भाग ज्या पातळीला बुडतो त्यावर बेता. बहुतेक कुटुंबं अडकतात ती घरात पाणी आल्यामुळे नाही, कोपऱ्यावरचा ओढा आधी भरल्यामुळे.

कोल्हापूरकरांनी राधानगरी धरणाकडेही कान ठेवावा. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एका दरवाज्यातून 1,428 क्युसेक पाणी सुटतं. किती दरवाजे उघडले ही बातमी मिळाली की पुढे पंचगंगेत भर किती, याचा हिशेब लागतो. त्यात पावसाचं पाणी वेगळं.

चिपळूण आणि महाडला हे पायऱ्या-पायऱ्यांचं गणित चालत नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेलं पाणी थोड्याच अंतरात खाडीला भिडतं. त्या वेळी भरती असेल तर पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. म्हणून तिथे भिंतीवर दोन गोष्टी लावा: जून ते सप्टेंबरचं भरती-ओहोटीचं कोष्टक आणि घाटमाथ्यावर पावसाची चौकशी करता येईल अशा एखाद्या माणसाचा फोन नंबर. माथ्यावर रात्रभर कोसळतंय आणि पहाटे भरती आहे, एवढं कळलं तरी दुकानातला माल हलवायला पुरेसं आहे.

यलो, ऑरेंज, रेड अलर्टचा नेमका अर्थ काय?

यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे हालचाल करा. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति मुसळधार आणि त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. तुलनेसाठी, 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदला गेला. हा इशारा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. तुमच्या खोऱ्यात त्याच्या दुप्पट पडू शकतो किंवा थेंबही पडणार नाही, म्हणून वाडीत स्वतःचं पर्जन्यमापक ठेवा. सरळ भिंतीचा, तळापासून तोंडापर्यंत सारख्या व्यासाचा डबा, उघड्यावर, झाडापासून दूर. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर वाचा आणि वहीत लिहा. निमुळत्या बाटलीत किंवा बादलीत मोजलं की आकडा चुकतो, हे सांगूनही लोक बादलीच ठेवतात.

पूर अलमट्टीमुळे येतो की कोयनेच्या विसर्गामुळे?

अलमट्टी म्हणजे कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेलं धरण, कोयना वरच्या अंगाचं. सांगली-कोल्हापुरात या प्रश्नावर दोन तट आहेत आणि ते इथे मिटणार नाहीत. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने थोड्या दिवसांत झालेली अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांवर भर दिला आणि अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. अनेक स्थानिक कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. वाद कुणीही जिंको, तुमच्या सामानाचा निर्णय अलमट्टीच्या विसर्गाच्या बातमीवर टांगून ठेवू नका. 'तिकडे पाणी सोडलंय, आता उतरेल' असं म्हणत थांबलेल्यांची घरं दर मोठ्या पुरात भिजतात.

जागा घेताना निळी आणि लाल रेषा बघायची म्हणजे काय?

साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, तिथे बांधकाम नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे अटींवर परवानगी मिळते. नकाशे जलसंपदा विभाग आणि नगररचना विभागाकडे असतात. बिल्डरने दाखवलेल्या रंगीत छापील नकाशावर विसंबू नका, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन लेखी उत्तर मागा. '25 वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढची 24 वर्षं मोकळी असा नाही. दर वर्षी शंभरात चार शक्यता, आणि 2019 नंतर लगेच 2021 आलं.

दारात वाळूची पोती लावली, तरी पाणी आत आलंच. का?

पाच कारणं असतात, आणि बहुतेक वेळा पाचही एकत्र.

पोती गच्च भरलेली असतात. गच्च पोतं दगडासारखं गोल होतं, दोन पोत्यांमध्ये फट राहते. निम्म्यापेक्षा थोडं जास्त भरा, वजन 15 ते 20 किलोच्या आत ठेवा, तोंड शिवण्यापेक्षा नुसतं दुमडून पाण्याच्या येण्याच्या दिशेला दाबून ठेवा. दुसरं, पोती विटांसारखी सांधे मोडून रचलेली नसतात. प्रत्येक थर पायाने तुडवून सपाट करायचा आणि मगच पुढचा. तिसरं, खाली प्लास्टिक नसतं. जाड ताडपत्री जमिनीवरून पोत्यांच्या पाण्याकडच्या अंगाने वर घ्या आणि वरच्या थराखाली दाबा. ताडपत्री ताणून बांधली की पाण्याच्या दाबाने फाटते, सैल सोडा.

चौथं, उंचीचा हिशेब चुकतो. एकेरी भिंत रचली तर दुसऱ्या-तिसऱ्या थराला ती ढकलली जाते. पाया उंचीच्या अडीच-तीन पट रुंद हवा. एक मीटर रुंदीच्या दाराला फूटभर उंचीसाठी खाली तीन रांगा, मध्ये दोन, वर एक, अशी साधारण 18 पोती लागतात, आणि दोन्ही कडांना भिंतीशी घट्ट बसवायला तीन-चार जादा. दोन फूट उंच करायचं म्हटलं की संख्या चौपटीच्या घरात जाते. म्हणून फुटाच्या वर पोत्यांचा नाद सोडा आणि दाराला खाचेत बसणाऱ्या फळ्या करून घ्या: चौकटीच्या दोन्ही अंगांना लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं सी-चॅनेल फास्टनरने बसवायचं, त्यात 19 मिलिमीटर मरिन प्लायच्या फळ्या उभ्या एकावर एक, खाली आणि सांध्यांत रबरी पट्टी, वरून दाबायला पाचर किंवा क्लॅम्प. गावातला कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो. मे महिन्यात एकदा बसवून बाहेरून पाईपने पाणी मारून तपासा.

आणि पाचवं कारण, जे कुणाच्याच डोक्यात नसतं: पाणी दारातून येतच नाही. ते मोरीतून, संडासाच्या भांड्यातून, बाथरूमच्या जाळीतून आणि वायरिंगच्या पाईपमधून वर येतं. बाहेरची गटारं भरली की आतली उलटी वाहतात. चेंबरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, पण त्याच्या झडपेत केस आणि प्लास्टिक अडकून ती उघडीच राहते, तेव्हा जूनच्या आधी एकदा काढून धुवा. व्हॉल्व्ह नसेल तर संडासाच्या भांड्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं वाळूचं छोटं पोतं दाबून बसवा आणि मोरीला कापड गुंडाळलेली लाकडी गुडदी ठोका, वर वजन ठेवा.

किती उंचीपर्यंत पाणी अडवावं?

साधारण तीन फुटांपर्यंत, आणि तेही चांगल्या बांधलेल्या घरात. थांबलेलं पाणी 60 सेंटिमीटर असेल तर मीटरभर रुंदीच्या भिंतीवर किंवा दारावर साधारण 180 किलोचा दाब असतो. 120 सेंटिमीटरला तो 720 किलो होतो, म्हणजे उंची दुप्पट झाली की दाब चौपट. मातीची, जांभ्याची किंवा साडेचार इंची विटांची भिंत एवढं सोसत नाही. त्यापुढे पाणी चढतंय असं दिसलं तर आत येऊ द्या. आत-बाहेर पातळी सारखी झाली की भिंतीवरचा ताण जातो. भिजलेला गालिचा वाळतो, पडलेली भिंत नवी बांधावी लागते. ओसरतानाही हाच नियम: बाहेर अजून तीन फूट पाणी असताना तळघर किंवा खोली मोटार लावून रिकामी करू नका. सेप्टिक टँकही लगेच उपसू नका, जमिनीत पाणी भरलेलं असताना रिकामी टाकी वर उचलली जाते किंवा तडकते.

घर सोडण्याआधीच्या तासाभरात काय करायचं?

मेन स्विच बंद करा, पण जमीन कोरडी असतानाच. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही, त्याऐवजी महावितरणला 1912 वर कळवून पुरवठा तोडायला सांगा. मेन बंद झाला म्हणजे वीज गेली असं समजू नका: इन्व्हर्टरची बॅटरी आणि छतावरची सौरपॅनेलं आपापली वीज देत राहतात, दोन्हीचे वेगळे स्विच बंद करा. पुढच्या वायरिंगच्या वेळी खालच्या मजल्यावरचे प्लग पुराच्या खुणेच्या वर घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

गॅसचा रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपी लावा आणि सिलिंडर उभा, गजाला दोराने बांधा. भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो, कशावर तरी आदळून त्याचा व्हॉल्व्ह मोडतो आणि परतल्यावर घरात गॅस भरलेला असतो. गळतीसाठी 1906.

फ्रिज पलंगावर ठेवून उपयोग नाही, तो तरंगून आडवा पडतो. दोराने खिडकीला बांधा किंवा माळ्यावर न्या. लाकडी कपाटाचे खण बाहेर काढून वर ठेवा, नाहीतर ते फुगून बसतात आणि कपाट फोडावं लागतं. सातबारा, विमा, आधार, पासबुक यांचे फोटो आधीच फोनमध्ये आणि परगावच्या एखाद्या नातेवाइकाकडे. औषधं मात्र सोबत, किमान सात दिवसांची.

दुकानदारांसाठी एवढंच: खालचे दोन कप्पे जून ते सप्टेंबर महाग माल न ठेवता चालवा. शटर बंद करून घरी गेलात आणि रात्री नदी चढली, तर परत यायला रस्ता नसतो.

नावेतून बाहेर काढत असतील तर काय बघायचं?

क्षमता आणि लाइफ जॅकेट. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. घाई झाल्यावर थांबायची ताकद कुणात नसते, म्हणून काठावर एक माणूस नुसता मोजायला उभा करा आणि त्याचा शब्द अखेरचा माना. वाहत्या पाण्यात चालत जायचं धाडस करू नका: घोट्याच्या वर, 15 सेंटिमीटर वेगवान पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाणी छोटी गाडी उचलतं.

जनावरांचं काय?

सगळ्यात उशिरा निर्णय होतो तो यांचाच, आणि गोठ्यावर जीव असलेला माणूस त्यासाठी मागे राहतो. म्हणून जनावरं माणसांच्या आधी, इशारा पातळीलाच हलवा. मोठ्या जनावराला दिवसाला 40 ते 50 लिटर पाणी लागतं, छावणीत चाऱ्यापेक्षा पाण्याचीच ओरड होते. कानातल्या बारा आकडी टॅगचा फोटो ठेवा, नुकसानभरपाईत तोच पुरावा. घटसर्प आणि फऱ्याची लस मे संपण्याआधी. न्यायला वेळच उरला नाही तर दावं कापा. मोकळं जनावर पोहून उंचावर जातं, बांधलेलं जागेवर मरतं.

आमची वाडी डोंगराखाली आहे. सरकारी यादीत नाव नाही. मग भीती नाही ना?

आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, तिचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. यादीत असणं हा इशारा आहे, नसणं ही हमी नाही.

दरड का येते ते समजलं की कुठे बघायचं ते कळतं. आपल्याकडे काळ्या पाषाणावर मुरूम आणि मातीचा थर असतो. कोकणात बऱ्याच ठिकाणी जांभ्याखाली मऊ चिकणमाती असते. पाणी वरच्या थरातून मुरत जातं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि तिथे साचलं की वरचा सगळा थर वजनदार होऊन त्या ओल्या पृष्ठभागावरून निसटतो. म्हणून एका दिवसाच्या सरीपेक्षा तीन-चार दिवस भिजलेल्या डोंगरावर पडलेला एक मोठा पाऊस जास्त घातक. वर उतार तोडून सपाटी केली, चर खणून पाणी जिरवलं, रस्त्यासाठी पायथा कापला की दरडीचं काम सोपं होतं. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, तेव्हा उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं गेलं. जलसंधारणाचे समतल चर चांगले, पण वस्तीच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर नकोत. तिथे पाणी जिरवायचं नसतं, बाजूला काढून द्यायचं असतं.

या खुणा बघा. उतारावर किंवा अंगणात चंद्रकोरीच्या आकाराची नवी भेग. विजेचे खांब, झाडं किंवा कुंपण एका बाजूला कललेलं. दारं-खिडक्या अचानक अडकू लागणं, भिंत आणि जमीन यांत फट. बारमाही झरा गढूळ होणं, बंद पडणं किंवा नव्या जागी फुटणं. आणि सगळ्यात वाईट खूण: धो-धो पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं. वर कुठेतरी मातीने बांध घातलाय आणि तो फुटणार आहे. तिथे चौकशीला वर जाऊ नका.

भेग दिसली तर दोन्ही काठांना एकेक खुंटी ठोका, अंतर मोजून तारीख लिहा आणि रोज त्याच वेळी मोजा. भिंतीच्या भेगेवर सिमेंटची पट्टी ओढून तारीख घाला, ती तडकली की हालचाल चालू आहे. भेग चिकणमातीने ठासून वरून प्लास्टिक घाला, म्हणजे पाणी थेट आत जाणार नाही. अंतर वाढत असेल तर मोजणी थांबवून वाडी रिकामी करा आणि तहसीलदारांना कळवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, आपत्कालीन 112.

निघायचा आकडा वाडीने स्वतः ठरवायचा. साधा नियम असा धरा: दोन-तीन दिवस पाऊस चालू आहे आणि तुमच्या डब्यात 24 तासांत 115 मिलिमीटरच्या वर गेला, तर उताराखालच्या घरांतलं कुणीही त्या रात्री तिथे झोपणार नाही. पाऊस नुसता आकाश फाटल्यासारखा वाटण्याची वाट बघू नका. झोपायची जागा आधी ठरलेली हवी: शाळा, देऊळ, समाजमंदिर, पण ते स्वतः ओढ्याच्या तोंडावर किंवा कड्याखाली नाही ना, हे बघून. अनेक वाड्यांत शाळाच सगळ्यात धोक्याच्या जागी बांधलेली असते. खाली पळायचं नाही, ओढ्याच्या कडेने तर नाहीच. माती ज्या दिशेने येते तिच्या आडव्या दिशेने उंचवट्याकडे.

बाहेरची मदत लगेच येईल हे गृहीत धरू नका. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली तेव्हा खाली महाडला पूर होता आणि रस्त्यांवर दरडी होत्या. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. पहिले काही तास वाडीचेच असतात, म्हणून दोन फावडी, पहार, करवत, दोर, बॅटऱ्या, भोंगा किंवा ढोल आणि कोणत्या घरात किती माणसं, कोण अंथरुणाला खिळलेलं, कोण गरोदर, याची यादी एका उंच घरात ठेवा. मोबाइल टॉवर आधी जातो.

घरामागचा उतार कापून भिंत बांधली, ती दोन पावसाळ्यांत फुगली. काय चुकलं?

निचरा. मागची माती ढकलते त्यापेक्षा मागे साचलेलं पाणी जास्त ढकलतं. भिंतीत 4 इंची पाईप दीड-दोन मीटर अंतरावर, बाहेरच्या अंगाला थोडा उतार देऊन हवेत, सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून वीतभर वर. भिंतीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर आणि खडी व माती यांमध्ये जिओटेक्स्टाइल कापड, नाहीतर माती खडीत शिरून पाईप बुजतात. मागे काळी माती कधीच भरू नका, ती ओली झाली की फुगते. भिंतीच्या माथ्यावर एक पक्का चर हवा, जो पाणी भिंतीमागे न जाऊ देता कडेने काढून देईल, आणि तो दर वर्षी जूनच्या पहिल्या पावसाआधी पालापाचोळा काढून मोकळा करायचा. पाच फुटांहून उंच भिंत गवंड्याच्या अंदाजाने बांधू नका, संरचना अभियंता लागतो. जागा असेल तर जाळीत दगड भरून केलेली गॅबियन भिंत बरी, तिच्यातून पाणी आपोआप वाहतं. उतारावर वाळा लावला तर वरची माती धरून ठेवतो, पण खोलवरची दरड गवत थांबवत नाही. असं विकणाऱ्यांपासून सावध.

निसर्गसारखं वादळ पुन्हा आलं तर छप्पर कसं टिकेल?

3 जून 2020 ला निसर्ग श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात आलं आणि रायगड-रत्नागिरीत असंख्य घरांची छपरं गेली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि तो छपराला खाली दाबत नाही, वर ओढतो. त्यामुळे पत्र्यावर दगड ठेवण्यापेक्षा पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली आहे का, ते बघा. साखळी सगळ्यात कमजोर जोडावर तुटते आणि कोकणातल्या घरांत तो जोड बहुधा वासा-भिंत हा असतो: वासा नुसता टेकवलेला.

प्रत्येक वाशावरून 25 × 3 मिलिमीटरची लोखंडी पट्टी घेऊन ती भिंतीतल्या सळईला किंवा काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्ट करा. सळई भिंतीत किमान दीड-दोन फूट खोल गेलेली हवी. पत्र्याला जे-हुक, रबरी किंवा डांबरी वॉशरसह. मधल्या भागात एक सोडून एक उंचवट्यावर चालेल, पण आढ्याजवळ, वळचणीला आणि दोन्ही कडांना प्रत्येक उंचवट्यावर हुक हवाच, कारण वारा कडेपासून सोलायला सुरुवात करतो. भोक ड्रिलने पाडा, खिळ्याने ठोकलेलं भोक फाटत जातं. पन्हाळीत भोक पाडलं तर गळतं. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका.

पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून तोडून वेगळं करा. सलग असेल तर पडवीखाली शिरलेला वारा आधी ती उचलतो आणि तिच्यासोबत घराचं पाखं घेऊन जातो. नवीन बांधत असाल तर दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर चांगलं टिकतं आणि अगदी सपाट पत्र्यापेक्षा उताराचं. मंगलोरी कौलांच्या घरात कोने आणि कडेच्या दोन ओळी सिमेंटमध्ये बसवा, मधली कौलं मोकळी ठेवा म्हणजे बदलता येतील.

वादळाच्या आदल्या दिवशी: माडांच्या सुकलेल्या झावळ्या आणि नारळ उतरवा, घरावर झुकलेल्या फांद्या छाटा, पाण्याची टाकी भरून ठेवा (रिकामी टाकी उडते), ताडपत्री आणि सुंभ घरात आणा. वारा मध्येच एकदम थांबला तर बाहेर येऊ नका. तो वादळाचा डोळा असू शकतो आणि थोड्या वेळाने उलट दिशेने तसाच वारा सुटतो. निसर्गनंतर बऱ्याच गावांत वीज कित्येक आठवडे नव्हती. त्या हिशेबाने दिवाबत्ती आणि पाणी उपसायची सोय करा.

मुंबई-ठाण्यातल्या सोसायटीने काय करावं?

पंपाचा स्टार्टर आणि मीटरचं पॅनेल जमिनीपासून उचलून घ्या. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण पुराच्या पातळीच्या वर, कडा उंच करून, हवाबंद बसवा, नाहीतर आठवडाभर सगळी इमारत गटाराचं पाणी पिते. पाऊस वाढला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी गाड्या तळघरात नकोत. पाणी जायला रस्त्यावरचं मॅनहोल कधीही उघडू नका, महापालिकेला 1916 वर फोन करा.

पाण्यात बुडलेली गाडी सुरू करून बघावी का?

नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची ऋण तार काढा, ओढून गॅरेजला न्या. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरणाऱ्या (कॉम्प्रिहेन्सिव्ह) साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही; पण पाण्यातून चालवल्याने किंवा बुडाल्यावर सुरू केल्याने बिघडलेलं इंजिन बहुधा येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते.

पाणी ओसरल्यावर विहीर कशी शुद्ध करायची?

शक्य असेल तर उपसा, गाळ काढा, मग पाणी भरू द्या. त्यानंतर मोजा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × 785 म्हणजे लिटर (मापं मीटरमध्ये). 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर साधारण 28,260 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे 70 ग्रॅम, आणि पुराच्या पाण्याला दुप्पट, म्हणजे 140. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात घोळा, मग पाणी वाढवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून हलवा. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलाय का ते दाखवणारी चाचणी), पिवळा रंग आला तर ठीक, नाही आला तर पुन्हा. गेल्या वर्षीची उघडी पडलेली टीसीएल वापरून 'टाकली होती' म्हणणं हा नेहमीचा घोटाळा आहे, तिच्यातला क्लोरिन केव्हाच उडालेला असतो. तोवर प्यायचं पाणी उकळून.

पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. लेप्टोवर (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) डॉक्सिसायक्लिनचा प्रतिबंधक डोस असतो, पण गरोदर बायका आणि लहान मुलांना औषध वेगळं, म्हणून मनाने घेऊ नका. चिखल काढताना गमबूट आणि काठी, कपाटामागे आणि कौलांत साप बसलेले असतात.

पंचनामा आणि विम्याचे पैसे का अडकतात?

लोक आधी साफसफाई करतात म्हणून. झाडू हातात घेण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ घ्या, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेशेजारी मोजपट्टी धरून. टीव्ही-फ्रिजच्या मागचा मॉडेल आणि सीरियल नंबर टिपा. कुजणारा माल टाकायचाच असेल तर तोही फोटो काढून, मोजून, शेजाऱ्याच्या सहीनिशी.

सरकारी मदतीसाठी पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीसाठी कृषी सहायक मिळून करतात. सही करण्याआधी वाचा: 'अंशतः' आणि 'पूर्णतः' या शब्दांत मोठा फरक आहे. 2022 ते 2026 च्या केंद्रीय निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये होते, तर किमान 15 टक्के पडलेल्या पक्क्या घराला फक्त 6,500. दुभत्या जनावराला 37,500, ओढकामाच्या जनावराला 32,000. राज्य सरकार वेळोवेळी त्यात भर घालतं, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय बघा. पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि नाव यादीत आलं की नाही हे ग्रामपंचायतीत तपासा.

सरकारी मदतीत घर उभं राहत नाही, त्यासाठी विमा. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसी देतात. तिच्यात पूर, वादळ आणि दरड तिन्ही येतात आणि घरातल्या सामानाला घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरू नका, पुन्हा बांधायला काय लागेल ते धरा. दुकानदारांचे दावे बहुतेक दोन जागी अडकतात: पॉलिसी बँकेने कर्जापुरती काढलेली असते आणि माल त्याच्या दुप्पट असतो, किंवा मागच्या गल्लीतल्या गोदामाचा पत्ता पॉलिसीत लिहिलेलाच नसतो. दोन्ही गोष्टी मे महिन्यात पॉलिसी उघडून दहा मिनिटांत तपासता येतात. स्टॉक रजिस्टर आणि जीएसटीची विवरणं मात्र दुकानात ठेवू नका. मालाबरोबर तीही वाहून गेली तर सर्वेक्षकाला दाखवायला काही उरत नाही.